सहा वेढे

त्या बोटीवर कुणीही कुणाचंही काम करावं, कुणाची ना नव्हती. डेकवरच्या लंबूने इंजिनात डोकं घालावं, इंजिनवाल्याने चहा करावा, बोट चालवणाऱ्या तांडेलने स्वतः डेक धुवावा. एका कामाला मात्र कुणी हात लावत नसे. खोळीची गाठ. ती मामाची.

ज्यांनी मासेमारीची बोट लांबूनच पाहिली आहे त्यांना हे सांगायला हवं. बोटीमागून जे जाळं ओढतात त्याचं तोंड चांगलं ऐसपैस असतं. मागे ते निमुळतं होत जातं आणि शेवटी एका खोळीत संपतं. जेवढा मासा जाळ्यात शिरतो तेवढा सगळा या खोळीत येऊन साठतो. खोळीचा तळ मात्र शिवलेला नसतो, दोराने बांधलेला असतो. दोन-तीन तास ओढून झालं की खोळ वर उचलून डेकवर टांगायची, खालून दोराचं टोक ओढायचं, गाठ सुटते आणि मासा बदाबदा डेकवर पडतो. मग पुन्हा गाठ मारायची, पुन्हा जाळं पाण्यात. दिवसातून चार वेळा, कधी पाच वेळा. आता ही गाठ कशी हवी? टनभर माशाच्या वजनाने सुटता कामा नये आणि एका माणसाच्या झटक्याने मात्र सुटलीच पाहिजे. ऐकायला सोपं वाटतं. एकदा बांधून बघा.

मामा ती गाठ एकतीस वर्षं मारत होता. तो सख्खा मामा फक्त तांडेलचा. पण बोटीवर आणि धक्क्यावर त्याला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारल्याचं ऐकिवात नाही. बर्फवाला त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, तोही त्याला मामाच म्हणे. ठेंगणा, रुंद पाठीचा माणूस. तळहात मिठाने आणि दोराने असे झालेले की गरम पातेलं फडक्याशिवाय उचलायचा. खोळ रिकामी झाली की तो बोटीच्या मागच्या टोकाला जाऊन सगळ्यांकडे पाठ करून उभा राहायचा, तोंडाने काहीतरी पुटपुटायचा आणि दोन मिनिटांत वळून हात वर करायचा. हात वर झाला म्हणजे गाठ झाली. "मारली का नीट?" असं त्याला कधी कुणी विचारलं नाही. विचारणं म्हणजे त्याच्या तोंडावर "तुझा भरवसा नाही" म्हणण्यासारखं होतं, आणि मामाचा भरवसा नाही असं म्हणणारा माणूस त्या बंदरात जन्मायचा होता.

तो पुटपुटतो ती प्रार्थना आहे हे सगळ्यांना माहीत होतं. शब्द मात्र इंजिनाच्या धडधडीत कुणाला कधी ऐकू आले नव्हते. तांडेलचा देवाधर्मावर फारसा विश्वास नव्हता. वारा, पाण्याची ओढ आणि पाण्याखालचा मासा दाखवणाऱ्या यंत्राचा पडदा यांवरच त्याचं चालायचं. नवा नवा तांडेल झाला तेव्हा त्याने मामाची चेष्टाही केली होती.

"मामा, एवढ्या आवाजात देवाला ऐकू येतं का रे?"

"तुला आलं का?"

"नाही."

"मग बरोबर आहे. तुझ्यासाठी नव्हतंच ते."

असा मामा. आणि या मामाच्या हातून खोळीची गाठ राहिली.

त्या आठवड्यात समुद्राने सगळ्या बंदराशी अबोला धरला होता. चार दिवस बोटी जात होत्या आणि डेकचा कोपरा झाकेल एवढा मासा घेऊन येत होत्या. इंजिनवाला चिडचिडा झाला होता. त्याला सगळे 'डॉक्टर' म्हणत, कारण स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून तो इंजिनाचा आजार सांगायचा. लंबू हा डेकवरचा माणूस. उंची एवढी की केबिनमध्ये शिरताना रोज कपाळ आपटायचा आणि रोज नव्याने आश्चर्य करायचा. चौघांचा तो संसार. पहाटे निघायचं, अंधार पडता पडता परतायचं आणि मध्ये जो वेळ मिळेल त्यात भिजलेल्या मोज्यांसकट डुलकी काढायची. हाताला पडलेल्या भेगा खाऱ्या पाण्याने कधी भरून येत नाहीत. त्या भेगांवर चिकटपट्टी गुंडाळून ही माणसं तारा ओढतात, आणि कसं चाललंय विचारलं तर "मजेत" म्हणतात. मला तरी या "मजेत"पुढे मान खाली घालावीशी वाटते.

पाचव्या दिवशी दुपारी तांडेलला पडद्यावर तो दिसला. मासा. तळापासून वरपर्यंत दाट लाल ढग. आजूबाजूच्या दोन बोटींनाही दिसला असणार, कारण दोन्हींनी तोंडं तिकडेच वळवली. तांडेलने घाईघाईने आधीचं जाळं वर घ्यायला लावलं आणि नेमकी तेव्हाच जाळं ओढणाऱ्या विंचची तार कप्पीवरून उतरली. तांडेल खाली धावला. लोखंडी पहार घालून त्याने तार पुन्हा चढवायचा प्रयत्न केला. दोनदा घसरली. तिसऱ्यांदा ती कडाडून जागेवर बसली, पण बसताना तिने त्याच्या रबरी कोटाची बाही कोपरापासून मनगटापर्यंत फाडून नेली आणि त्याला कठड्यावर फेकलं. तार बोटभर आत आली असती तर हातच गेला असता. तांडेल उठला, हात हलवून बघितला, पाची बोटं जागेवर आहेत म्हणून हसला आणि केबिनकडे पळाला.

"बघत काय बसलात? खोळ रिकामी करा! जाळं टाका!"

खोळीत पाच-पंचवीस मासे होते. ते पडले. मामा दोर हातात घेऊन मागच्या टोकाला गेला, पुटपुटला, वळला आणि त्याने हात वर केला. जाळं पाण्यात गेलं.

पुढचे तीन तास बोटीवर सण असल्यासारखं होतं. पडद्यावर लाल ढग बोटीखालून सरकत होता, म्हणजे जाळ्याच्या तोंडातच जात होता. लंबूने क्रेट मांडले, बर्फ फोडून ठेवला. डॉक्टरने सगळ्यांना चहा दिला आणि चहात साखर जास्त पडली तरी कुणी बोललं नाही. मामा एकटा कठड्याला टेकून भाच्याच्या केबिनकडे बघत बसला होता. लंबूने विचारलं, "मामा, बरं नाही का?" मामा म्हणाला, "बरं आहे रे. देवाने बरंच ठेवलंय."

मग जाळं वर घेतलं.

भरलेली खोळ पाण्यावर येते तेव्हा आधी पाणी उजळतं, मग ती फुगून वर उसळते. त्या दिवशी पाणी उजळलं नाही. खोळ आली ती धुऊन पिळायची राहिलेल्या चादरीसारखी, सपाट. तळ सताड उघडा होता. त्यातून दोर सरळ खाली लोंबत होता, एकही वळसा नसलेला. जाळीच्या भोकांत अडकलेले दहा-बारा मासे तेवढे होते. तीन तास त्यांनी जाळ्याच्या एका तोंडाने मासा आत घेतला होता आणि दुसऱ्या तोंडाने समुद्राला परत दिला होता.

विंच थांबली. पन्नास हातांवर शेजारच्या बोटीची खोळ वर येत होती. तिच्या माणसांची आरडाओरड इथपर्यंत ऐकू येत होती.

मामा पुढे आला. त्याने लोंबणारा दोर हातात घेतला, नीट बघितला, आणि सगळ्यांकडे तोंड करून म्हणाला, "गाठ मी मारलीच नाही."

दोर जुना होता, लाट उलटी होती, कशाने तरी सुटली असेल. असलं काही तो म्हणू शकला असता आणि एकतीस वर्षांच्या पुण्याईवर ते खपलंही असतं. त्याच्या मनालाही ते शिवलं नाही. डॉक्टरने हातातलं फडकं डेकवर आपटलं आणि तो खाली इंजिनाकडे निघून गेला. परत येताना तांडेलजवळ थांबून खालच्या आवाजात म्हणाला, "मामाचं वय झालं. आज मासा गेला. उद्या तो कुणाच्या पोटाभोवतीचा दोर बांधायला विसरला तर माणूस जाईल. काय ते तू ठरव. तांडेल तू आहेस."

डॉक्टर चुकीचं बोलत नव्हता, हे तांडेललाही कळत होतं.

धक्क्यावर बातमी त्यांच्या आधीच पोचली होती. लिलाववाला कठड्यावर बसून वाटच बघत होता.

"या, या! समुद्र गाळून आलात म्हणे! गाळलेला कुठे ठेवलाय?"

हशा पिकला. लंबूचे कान लाल झाले. मामा शांतपणे धक्क्यावर उतरला आणि म्हणाला, "माझ्या हातून राहिली. या तिघांचा काही दोष नाही." एवढ्यावर तो थांबला असता तरी पुष्कळ झालं असतं. पण तो बर्फवाल्याकडे गेला, जाळीवाल्यांकडे गेला, शेजारच्या बोटीकडे गेला, आणि कुणी विचारायच्या आत प्रत्येकाला हेच वाक्य सांगून आला. हसणारे गप्प झाले. लिलाववाल्याने विडी विझवली आणि उगीचच टोपल्या मोजायला लागला.

तांडेलचं घर धक्क्यालगत, जाळी सांधायच्या शेडच्या वर. दोन खोल्या. जिना बाहेरून, लोखंडी, आणि त्याची तिसरी पायरी गेली दहा वर्षं हलणारी. खालच्या डांबराचा वास घरातल्या उशांनाही लागलेला. तांडेल, त्याची आई आणि मामी गेल्यापासून मामा, अशी तिघं तिथे राहत. आई म्हणजे मामाची थोरली बहीण. मासे निवडायच्या शेडमध्ये ती दिवसभर उभी असायची. लहान-मोठा, ताजा-शिळा, जातीजातीचा वेगळा, बर्फातून हात न काढता. संध्याकाळी ती कोमट पाण्याच्या घमेल्यात दोन्ही हात बुडवून बसायची आणि बोटं वळायला लागेपर्यंत घरात कुणाला काही मागू द्यायची नाही. त्या दिवशीही ती तशीच बसली होती. सगळं कळलेलं होतंच.

मामा जेवणाचं ताट पुढ्यात घेऊन म्हणाला, "ताई, उद्यापासून मी खाली शेडमध्ये बसतो. जाळी सांधीन. बोटीवर नाही जाणार."

"कुणी काही बोललं?"

"कुणी कशाला बोलेल? मलाच कळतं."

आईने लेकाकडे बघितलं. त्याने आता "काहीतरीच काय मामा" म्हणायला हवं होतं. याच मामाने त्याला पोहायला शिकवलं, बाप गेल्यावर स्वतःच्या जागेशेजारी बोटीवर उभं केलं, आणि मालकापुढे हमी देऊन तांडेल केलं. तांडेलला हे सगळं आठवलं. डॉक्टरचं बोलणंही आठवलं. त्याच्या तोंडून निघालं, "बघू."

"बघू" हा शब्द किती छोटा आणि किती हलकट आहे हे त्याला त्या रात्रीच्या जेवणात कळलं. मामाने मान डोलावली आणि भात कालवायला घेतला. जणू त्याला हवं ते उत्तर मिळालं होतं.

"आणि कोटाची बाही काय झाली ही?" आईने खुंटीकडे बघत विचारलं.

"अडकली कुठेतरी."

मामा ताटातून मान वर न करता जेवत राहिला. आईने एकदा भावाकडे, एकदा मुलाकडे पाहिलं, हात पुसले, आणि रबराचा तुकडा व सोल्युशन घेऊन बाहीला ठिगळ लावत बसली.

दुसऱ्या दिवशी बोट तिघांना घेऊन निघाली. पहिल्या गाठीची वेळ आली तेव्हा तिघं एकमेकांची तोंडं बघायला लागले.

"वेढे किती असतात?" तांडेलने विचारलं.

"चार ना?" लंबू म्हणाला.

"मला काय विचारता? मी खाली असतो," डॉक्टर म्हणाला.

इतकी वर्षं तीन हातांवर उभं राहून एकानेही मामाची गाठ निरखून पाहिली नव्हती. निरखणं म्हणजे तपासणं, आणि मामाला तपासायचं कोण? शेवटी तांडेलने स्वतः दोर घेतला. कालची उघडी खोळ त्याच्या डोळ्यांसमोरून जात नव्हती, म्हणून त्याने आठ वेढे घातले, वर दोन साध्या गाठी मारल्या आणि पाय लावून आवळलं.

खोळ भरून आली. डेकवर टांगली. तांडेलने दोर ओढला. काही नाही. दोघांनी ओढला. लंबू दोराला लोंबकळला, त्याचे दोन्ही पाय डेकवरून उचलले गेले, तो गोल फिरला आणि विंचवर कपाळ आपटून खाली आला. खोळ डोक्यावर टांगलेली, मासा आत तडफडतोय, पाणी गळतंय आणि गाठ ढिम्म. शेवटी सुरीने दोर कापला. सुरी जाळीलाही लागली आणि हात जाईल एवढं भोक पडलं. ते सांधण्यात तास गेला. पुढच्या वेळी तांडेलने शहाणपणा करून गाठ हलकी मारली, तर ती पाण्यातच सैल झाली आणि अर्धा मासा वाटेत गळाला.

परतताना डॉक्टर बराच वेळ स्क्रूड्रायव्हर पुसत बसला. मग म्हणाला, "काल मी बोललो ते मनावर घेऊ नकोस म्हणून सांगणार होतो. राहून गेलं."

तांडेलने चाक धक्क्याकडे वळवलं.

तिसऱ्या दिवशी वारा फिरला आणि बोटी धक्क्यालाच राहिल्या. दुपारी तांडेल जिना उतरून शेडमध्ये गेला. मामा जमिनीवर मांडी घालून बसला होता. मांडीवर जाळं, हातात लाकडी सुई. बाकीचे सांधणारे जेवायला गेले होते. तांडेल त्याच्यासमोर बसला. कोपऱ्यात एक जुनी खोळ पडली होती, ती त्याने ओढून मध्ये ठेवली.

"मामा, मला गाठ शिकव."

मामाच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. म्हणजे हे पक्कंच झालं, असं त्याला वाटलं असावं. पण त्याने सुई बाजूला ठेवली, दोर घेतला आणि खोळीचा उघडा तळ मुठीत धरला. पहिला वेढा घातला. मग हात थांबला. पुन्हा सोडून पुन्हा सुरू केलं. पुन्हा तिथेच थांबला.

"काय झालं?"

मामा ओशाळला. एवढ्या वर्षांत तांडेलने त्याला असं ओशाळलेलं पाहिलं नव्हतं. "बोलल्याशिवाय येत नाही रे."

"मग बोल की."

"तुझ्यासमोर? तू हसशील."

"नाही हसणार."

मामाने खाली बघत, हळू आवाजात म्हटलं, "पाणी तुझं." आणि दोराचा एक वेढा पडला. "मासा तुझा." दुसरा. "बोट तुझी." तिसरा. "हात तुझे." चौथा. "भूक तेवढी आमची." पाचवा वेढा उलट्या बाजूने गेला आणि त्याचा फास झाला. मग मामाने फासातून टोक घेतलं, "सांभाळ" म्हणाला, आणि त्या शब्दाबरोबर सहाव्या वेढ्यावर दोन्ही हातांनी ओढलं. गाठ बसली. त्याने टोकाला एक झटका दिला, गाठ विरघळल्यासारखी सुटली.

तांडेल हसला नाही. त्याने दोर घेतला. सहा बोलही नीट लक्षात नव्हते, मामा एकेक सांगत गेला आणि तो म्हणत गेला. देवावर विश्वास नसलेला तो माणूस डांबराच्या वासात मांडी घालून "पाणी तुझं, मासा तुझा" म्हणत होता, आणि तिसऱ्या खेपेला त्याच्या हाताखालीही गाठ बसली.

"मामा," तो म्हणाला, "हे एकतीस वर्षांत कधी चुकलं नाही. मग त्या दिवशी काय झालं?"

"राहिली."

"तू पुटपुटत होतास. मी केबिनमधून बघितलं. प्रार्थना म्हणालास आणि गाठ राहिली?"

मामा पुन्हा सुईकडे हात न्यायला लागला. तांडेलने सुई उचलून स्वतःच्या मागे ठेवली.

"काय म्हणत होतास?"

मामाने जाळीच्या एका भोकात बोट घातलं. मग म्हणाला, "तारेने तुझी बाही नेली. मला आधी वाटलं हात गेला. तू उठून हसलास, तरी मला ती फाटकी बाहीच दिसत होती. मागे जाऊन दोर हातात घेतला आणि पाणी-मासा काही आठवलंच नाही. तोंडातून एवढंच आलं, याला सांभाळ. याला सांभाळ, याला सांभाळ. किती वेळा म्हणालो देव जाणे. आता 'सांभाळ' म्हटलं की गाठ झाली, हे माझ्या हातांना एकतीस वर्षांची सवय. हातांना वाटलं, झालं. मी वळलो आणि हात वर केला."

शेडच्या बाहेर बोटी एकमेकींवर हलके हलके आपटत होत्या. लोकांनी हसून घेतलं, डॉक्टर बोलला, स्वतः त्याने "बघू" म्हटलं, आणि हा माणूस बंदरभर फिरून "माझ्या हातून राहिली" सांगत होता. कशामुळे राहिली, हे एकालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर दोषाचा एक कण भाच्याच्या अंगावर उडाला असता.

"हे मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय? राहिली ती राहिली. आणि डॉक्टर तुला बोलला ते मी ऐकलं, बरोबर आहे ते. तू समोर असशील तर पुन्हा असं होणारच नाही, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. तुझा बाप बोटीवरून पाण्यात गेला तेव्हा मी मागच्या टोकालाच उभा होतो. म्हणून मी खाली बसलेलाच बरा."

तेवढ्यात जिन्याची तिसरी पायरी वाजली. आई खाली आली होती, पदराला हात पुसत. किती वेळ ऐकत होती कोण जाणे.

"बाही बघितली तेव्हाच मला कळलं," ती म्हणाली. "मामा-भाचे दोघेही शहाणे. एकाने सांगायचं नाही आणि दुसऱ्याने विचारायचं नाही. चला वर, जेवण गार होतंय."

ती वर गेली. तांडेलने मागे ठेवलेली सुई मामापुढे ठेवली. मग म्हणाला, "विचारायचं नाही. बरोबर. एकतीस वर्षांत तुला एकदाही कुणी विचारलं नाही, मामा. त्या दिवशी मी खिडकीतून एकदा ओरडलो असतो, गाठ झाली का, तर तू खाली बघितलं असतंस. बघितलं असतंस ना?"

"बघितलं असतं."

"मग आता विचारीन. दर वेळी. तुला राग येईल?"

मामाने विचार केला. अभिमानी माणूस होता, पटकन हो म्हणाला नाही. दोर गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"पहिले काही दिवस येईल," तो म्हणाला. "तरी विचार."

वारा दोन दिवसांनी पडला. पहाटे चौघं निघाले. लंबूने केबिनमध्ये शिरताना कपाळ आपटलं आणि आश्चर्य केलं. सूर्य वर आला तेव्हा ते जागेवर पोचले. मामा दोर घेऊन मागच्या टोकाला गेला, पण या वेळी त्याने पाठ केली नाही. सगळ्यांकडे तोंड करून उभा राहिला. तांडेलने खिडकी उघडली आणि खाली डॉक्टरला खूण केली. डॉक्टरने इंजिन अगदी हळू केलं, एवढं हळू की बोटीच्या पोटावर आपटणारं पाणी ऐकू यायला लागलं.

"पाणी तुझं," मामा म्हणाला.

त्या बोटीवर ते शब्द पहिल्यांदाच सगळ्यांच्या कानी पडत होते. लंबूने हातातलं फावडं खाली ठेवलं. डॉक्टर शिडीवरून अर्धा वर आला. मासा तुझा, बोट तुझी, हात तुझे. "भूक तेवढी आमची" या शब्दाला लंबूने मोठ्याने "अगदी!" म्हटलं आणि डॉक्टरने त्याला कोपर मारलं. "सांभाळ" म्हणून मामाने दोर आवळला.

"मामा, गाठ?" तांडेल ओरडला.

मामाने खाली बघितलं. गाठीवर तळहात ठेवला. मग मान वर केली. "मारली!"

पण तो जागचा हलला नाही. त्याचे ओठ पुन्हा हलत होते.

"आता काय राहिलं?"

"आता तू," मामा म्हणाला. "आधी गाठ, मग तू. तू चालव तुझं."

लंबूने आणि त्याने मिळून खोळ पाण्यात सोडली. डॉक्टरने इंजिन वाढवलं आणि सगळे आवाज पुन्हा त्या धडधडीत बुडाले. तांडेलने खिडकी लावून घेतली. चाक दोन्ही हातांनी धरलं, डावी बाही ठिगळाची. समोर पाणी उन्हाने चमकत होतं, की त्याच्याच डोळ्यांत पाणी होतं, त्याला नीट दिसेना. मागच्या काचेतून मामाची रुंद पाठ दिसत होती. तो वाकून जाळं सोडत होता, कठड्याच्या अगदी कडेला, गेली एकतीस वर्षं उभा राहत होता तिथेच.

लंबू चहा घेऊन आत आला तेव्हा तांडेलचे ओठ हलत होते.

"काही म्हणालात का? ऐकू नाही आलं."

"नाही ना आलं?" तांडेल मागच्या काचेवरची नजर न काढता म्हणाला. "मग तुझ्यासाठी नव्हतंच ते."